भिंतीकडे तोंड

महिन्यातून एकदा, भर दुपारी, आमच्या भागातले वादळाचे सायरन तपासून बघतात. आकाश स्वच्छ असतं, झाडाचं पान हलत नसतं, आणि एकाएकी तो लांबलचक भोंगा सगळ्या वस्तीवरून फिरतो. लोक मान वर करून बघतसुद्धा नाहीत. बीबी मात्र दर वेळी गाठोडं घेऊन जिना उतरायची आणि पार्किंगच्या मधोमध, उन्हात, भिंतींपासून जमेल तेवढी लांब उभी राहायची. भोंगा थांबल्यावरही बराच वेळ तिथेच असायची.

माझी मुलगी नेत्रा अमेरिकेत अर्विंगला ज्या रस्त्यावर राहते, त्याच्या दुसऱ्या टोकाला जुन्या दुमजली अपार्टमेंट्सची वसाहत आहे. बीबी तिथली. वसाहतीच्या क्लबहाऊसमध्ये मी संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतो. मुलं बहुतेक काँगोची. पूर्व काँगोत ज्वालामुखीच्या पायथ्याशी गोमा नावाचं शहर आहे. तिथून निघून, मधली वर्षं युगांडातल्या छावणीत काढून ही घरं टेक्सासला पोचली. मी जन्मभर औशाजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवला. नकाशावर मी गोम्याच्या जागी बरोबर बोट ठेवलं, तेव्हा मुलं हरखून गेली आणि त्याच दिवशी मला 'म्वालिमू' म्हणू लागली. म्वालिमू म्हणजे गुरुजी.

आमच्या मराठी मंडळींना हे फारसं पसंत नव्हतं. "मोरेश्वरकाका, संडेला आपल्या मराठी शाळेत या की," कांचन एकदा म्हणाली. ती नेत्राची मैत्रीण. "तिकडे एकटे कशाला जाता? सेफ तरी आहे का?"

"तिथली मुलं अपूर्णांकांच्या बेरजेत छेद पण मिळवतात," मी म्हणालो. "आजवर एवढाच धोका दिसलाय."

ती हसली, पण पटलं नाही हे दिसत होतं.

बीबी म्हणजे स्वाहिलीत आजी. ती होती फुराहाची आजी, पण हाक सगळी वसाहतच मारायची तशी. फुराहा बारा वर्षांची, माझ्या वर्गातली सगळ्यात मोठी. डॉक्टरकडे जायचं असो, वीज कंपनीला फोन करायचा असो, की कुणाच्या शाळेतून तक्रार आलेली असो, मोठी माणसं तिला पुढे करायची आणि तिच्या मागे उभी राहायची. मोठ्यांचं बोलणं एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेऊन पोचवता पोचवता ती पोर कपाळाला आठ्या घालायला शिकली होती.

बीबी रोज वर्गाला येऊन मागे बसायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती फक्त बघायची. एके दिवशी तिने फुराहाला माझ्यापुढे उभं केलं आणि बोलली. फुराहाने खाली बघत इंग्रजीत भाषांतर केलं.

"बीबी म्हणते, लाव्हा शहरातून गेला, तेव्हा आमचं घर, दुकान, रस्ता, सगळं काळ्या दगडाखाली गेलं. दगड गार झाल्यावर लोकांनी सगळ्यात आधी शाळेचा मांडव घातला. तिने स्वतः फळ्या वाहिल्या."

"आधी शाळा का?" मी विचारलं.

"कारण हजेरी घेतली की कळतं," फुराहा म्हणाली, "कोण परत आलं नाही ते."

किल्लारीच्या भूकंपानंतर मी झाडाखाली हजेरी घेतली होती. नाव पुकारायचं आणि थांबायचं. आमच्या शाळेतली काही मुलं मी माझ्या हातांनी माती उपसून बाहेर काढली होती, सगळीच जिवंत नव्हती. त्यानंतर कित्येक महिने आम्ही घरात झोपलो नाही. दगडामातीच्या भिंतीला पाठ लावून बसणंही नको वाटायचं. एवढी वर्षं झाली, अजूनही कुठे काही हादरलं की माझे पाय आधी दाराकडे वळतात.

"आणखी एक म्हणते," फुराहा अडखळली. "म्हणते, यांना सगळं शिकवा. पण मोठ्यांना उलट बोलायला शिकवू नका. ती सवय इथल्या शाळेत फुकट मिळते."

बीबी माझ्याकडे रोखून बघत होती. मी हात जोडून मान डोलावली.

लाव्हा आला त्या दिवशी बीबीने काय केलं, ते मला नंतर फुराहाच्या आईने लेकीकरवी सांगितलं. तिला सगळे मामा फुराहा म्हणायचे. मामा म्हणजे आई; त्यांच्यात बाईला पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. बाईला मामा म्हणताना माझी जीभ सुरुवातीला अडखळली होती. मामा फुराहा तेव्हा स्वतःच लहान होती. गल्लीतली बरीच माणसं घराचं दार लावून आत बसली होती. बीबीने दारोदार जाऊन लोकांना बाहेर ओढलं, डोक्यावर गाद्या दिल्या आणि पोरांची रांग करून सीमेपलीकडे चालत नेलं. जी घरात राहिली, ती राहिलीच. तेव्हापासून संकटाच्या वेळी बीबीने 'चला' म्हटलं की चालायचं, एवढंच त्या घरांना ठाऊक होतं.

एप्रिलमधली संध्याकाळ होती. दुपारपासून हवा दाबून धरल्यासारखी झाली होती. वर्ग सुरू झाला तेव्हा काचांबाहेरचा उजेड पिवळा होता. बघता बघता तो हिरवट झाला, तळ्यातल्या शेवाळाच्या पाण्यासारखा. आमच्या क्लबहाऊसला तिन्ही बाजूंनी जमिनीपासून छतापर्यंत काचा आहेत. मागच्या बाजूला एक आखूड बोळ, त्यात दोन टॉयलेट आणि खुर्च्या ठेवायची खोली. बीबी त्या दिवशी आली नव्हती. फुराहाचा सहा वर्षांचा भाऊ अमानी पेन्सिल तोंडात धरून बाहेर बघत बसला होता.

"अमानी, वहीत बघ."

"म्वालिमू, पक्षी कुठे गेले?"

मी बाहेर बघितलं. खरंच, रोज पार्किंगच्या तारांवर बसणारी काळी पाखरं नव्हती.

तेवढ्यात माझा फोन किंचाळला. मुलांकडचे दोन फोनही किंचाळले. आणि मग तो भोंगा. वेळ दुपारची नव्हती, चाचणीचा दिवसही नव्हता.

नेत्राचा फोन आला. "बाबा! कुठे आहात? अजून तिथेच?"

"हो, मुलं आहेत माझ्याबरोबर."

"ऐका. टोर्नेडो वॉर्निंग आहे, खरी वॉर्निंग. मी ड्राइव्ह करून येऊ शकत नाही, आम्ही क्लॉझेटमध्ये बसलोय. तुम्ही आतल्या बाथरूममध्ये जा. काचांपासून लांब. मुलांना घेऊन जा."

"बरं."

"बाबा, बाहेर पडू नका हं. प्लीज. तुमची सवय माहितीये मला. ते किल्लारी नाहीये, ऐकताय ना? इथे बाहेर गेलात तर..." आणि फोन तुटला.

मी उभा राहिलो, आणि लाज वाटते पण सांगतो, माझं तोंड दाराकडेच होतं. मी प्रयत्न करून वळलो. "चला सगळे. बोळात. दप्तरं राहू द्या."

मुलं उठली. आणि त्याच वेळी काचेबाहेर मला ते दिसले.

जिन्यावरून माणसं उतरत होती. पुढे बीबी, काखेत गाठोडं. मागे मामा फुराहा, पाठीला तान्हं बांधलेलं, डोक्यावर दुमडलेली गादी. तिच्यामागे वरच्या मजल्यावरची आणखी घरं, बायका, म्हातारे, एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात पाण्याचा कॅन. कुणी ओरडत नव्हतं, धावतही नव्हतं. सगळे अगदी शिस्तीत उतरत होते, आणि मला भीती वाटली ती त्या शिस्तीचीच. वसाहतीच्या मागे पावसाचं पाणी साठवायचं मोठं मोकळं मैदान आहे. बीबी त्यांना तिकडे नेत होती. भिंती नाहीत, छप्पर नाही, अंगावर पडेल असं काही नाही. ती तिच्या अक्कलहुशारीने अगदी योग्य जागी निघाली होती. फक्त ती जागा दुसऱ्या संकटासाठी योग्य होती.

वाटेत ती आमच्या दाराशी थांबली. तिला तिची पोरं न्यायची होती.

दार उघडलं तसा वारा आत घुसला आणि भिंतीवरचा नकाशा फाटून उडाला. बीबी एकच शब्द बोलली. अमानी तिच्याकडे निघाला. मी त्याचा दंड धरला.

"फुराहा," मी म्हणालो, "बीबीला सांग, बाहेर जायचं नाही. सगळ्यांना आत घे म्हणावं. या वादळात मोकळं मैदान सगळ्यात वाईट. आत, त्या बोळात यायला सांग."

फुराहा बीबीकडे वळली आणि स्वाहिलीत भरभर बोलली. बीबीने मान हलवली आणि हात पुढे केला.

इंग्रजी अव्ययं शिकवताना मुलांकडून मीही चार शब्द शिकलो होतो. 'न्दानी' म्हणजे आत. फुराहाच्या बोलण्यात तो शब्द आलाच नव्हता.

"फुराहा, तू काय सांगितलंस?"

ती बीबीच्या पुढे केलेल्या हाताकडे बघत राहिली.

"काय सांगितलंस बाळा?"

"की म्वालिमू तुम्हाला नमस्कार म्हणतात आणि त्यांना काळजी वाटते. आय कान्ट से इट. ती चुकते असं मी तिला कसं सांगू? सगळ्यांच्या समोर? ती बीबी आहे!"

"मी सांगतोय. तू फक्त माझं बोलणं तिच्या भाषेत सांग."

"बोलणार तर मीच ना," फुराहा म्हणाली. तिला रडू येत होतं, पण ती रडली नाही.

तिचं बरोबर होतं. तिच्या लोकांत शब्दांचा दोष निरोप्याच्या तोंडालाही लागतो, आणि ते तोंड बारा वर्षांच्या मुलीचं होतं. मी स्वतःच बोलायचं ठरवलं. हाताने बोळ दाखवला, "न्दानी, बीबी, न्दानी," म्हणालो. बीबीने बोळाकडे बघितलं. अरुंद, अंधारा, चहूबाजूंनी भिंती. मग तिने माझ्याकडे असं बघितलं की मी हात खाली घेतला. ती सावकाश काही बोलली. या वेळी फुराहाने शब्दन् शब्द सांगितला.

"बीबी म्हणते, तुम्ही चांगले आहात, पण तुम्ही ते बघितलेलं नाही. भिंती आधी वाचवतात असं वाटतं, आणि मग त्याच ठेवून घेतात."

मला पुढे बोलायचं होतं. मुद्दे होते माझ्याकडे: वाऱ्याचा वेग, उडणारे पत्रे, दाब, सगळा भूगोल. पण माझ्या आत कुणीतरी म्हातारीला हो म्हणत होतं. माझ्या नखांत अजून किल्लारीची माती होती. ज्या जागेला मी स्वतः भितो, तिथे मी तिची पोरं कोंबायला निघालो होतो. नेत्राचं ऐकलं आणि ते खोटं ठरलं तर? मी अमानीचा दंड सोडला नाही, पण माझी पकड सैल झाली हे त्या पोरालाही कळलं असणार.

पहिली गार पडली. लिंबाएवढी. पार्किंगमधल्या गाडीची काच फुटल्याचा आवाज आला. बाहेर मामा फुराहाने गादी दोन्ही हातांनी घट्ट धरली. भोंगा चालूच होता. पश्चिमेला ढग जमिनीवर टेकला होता आणि त्याचा तळ वळत होता.

बीबीने आवाज चढवला. आता ती सगळ्या पोरांना बोलावत होती. दोघं-तिघं दाराकडे सरकली.

फुराहाने एकदा आजीकडे बघितलं. मग तिने आजीकडे पाठ केली. वादळापेक्षा त्या पाठ करण्याचीच भीती तिच्या तोंडावर जास्त दिसत होती. ती पोरांकडे वळली आणि इंग्रजीत, तिच्या शाळेतल्या बाईंच्या खणखणीत आवाजात ओरडली:

"लाइन अप! हॉलवे! फेस द वॉल!"

पोरं जागच्या जागी थबकली. तो आवाज त्यांच्या अंगात मुरलेला होता. वर्षभर शाळेत त्यांच्याकडून हे घोटून घेतलं होतं. अमानीने हिसडा देऊन दंड सोडवला आणि तो बोळात पळाला. त्याच्यामागे बाकीची. एकाशेजारी एक गुडघ्यांवर बसली, भिंतीकडे तोंड, डोकं जमिनीशी, दोन्ही हात मानेवर. कुणी कुणाला ढकललं नाही. कुणी हसलं नाही.

"डाउन! स्टे डाउन!" फुराहा ओरडत होती आणि तिचा आवाज शेवटी चिरकला.

बीबी दारात उभी होती. तिने नातीला हाक मारली. नुसतं नाव. फुराहाने मागे बघितलं नाही. खांदे तेवढे आखडले, पाठीत रट्टा बसायची वाट बघणाऱ्या पोरासारखे.

मला काही ठरवायचं उरलं नव्हतं. मी बोळात गेलो आणि अमानीच्या शेजारी खाली बसलो. माझे गुडघे वाकत नाहीत, भिंतीला धरून बसावं लागलं. मग कपाळ भिंतीला टेकवलं. भिंत थरथरत होती. आयुष्यात इतकं कठीण काही केल्याचं मला आठवत नाही. डोळे मिटले की खाली माती, आणि उघडले की हातभर अंतरावर तीच भिंत. मी हात मानेवर ठेवले आणि माझ्या तोंडून मराठीत काहीबाही निघायला लागलं. अमानी कुजबुजला, "म्वालिमू, एल्बोज इन."

मी कोपरं आत घेतली.

मान वळवून मी दाराकडे बघितलं. बीबी तिथेच. तिच्यामागे तिचे लोक, तिच्या पुढच्या शब्दाची वाट बघत. ती एकदा मैदानाकडे बघत होती, एकदा बोळातल्या त्या पाठींच्या रांगेकडे. तिला तिथून एक-एक पोर उचलून नेता आलं असतं. तेवढी ताकद तिच्यात होती. पण समोर सगळी पोरं होती, म्वालिमूसकट गुडघ्यांवर, मानेवर हात ठेवून. ती काय विचार करत होती ते मला कधीच कळणार नाही. मला एवढंच दिसलं की तिने गाठोडं खाली टाकलं.

ती आत आली. ती आत आली म्हणून मामा फुराहा आली, तान्ह्याला पोटाशी घेत, आणि मग सगळेच आले. बोळात श्वास घ्यायला जागा उरली नाही. कुणीतरी गादी आमच्या पाठींवर ओढली. शेवटच्या माणसाने दार ढकललं, ते वाऱ्याने परत उघडलं, आणि त्या फटीतून मी बघितलं: गाड्यांवरचा पत्र्याचा लांब मांडव खांबांसकट वर उचलला गेला, मध्येच दुमडला आणि मैदानाच्या दिशेने निघून गेला. पत्र्यासारखा नाही, कागदासारखा.

दिवे गेले. मग आवाज आला. त्याला कशाची उपमा देऊ? तो कानांनी ऐकू येत नव्हता, दातांत येत होता. समोरच्या सगळ्या काचा एकाच वेळी गेल्या. पोरं किंचाळली असावीत, कारण अमानीची पाठ माझ्या हाताखाली हलत होती, पण मला काही ऐकू आलं नाही. छताचा कुठला तरी भाग सोलल्यासारखा निघत होता. मी वाट बघत होतो ती भिंत अंगावर येण्याची. ती येणारच होती, माझ्या शरीराला दुसरं काही माहीतच नव्हतं. कानांना दडे बसले, तोंडात धूळ आली, आणि कुणीतरी माझा सदरा मुठीत धरून ठेवला होता. कोण ते अंधारात कळलं नाही.

भिंत हलली, पण उभी राहिली.

मग तो आवाज ओसरला. पाण्याचा आवाज, कुठेतरी गाडीचा हॉर्न अडकून वाजत राहिलेला. तान्हं रडायला लागलं. माणसं उठू लागली, कारण अशा वेळी कुणालाही उठावंसंच वाटतं. कुणीतरी फोनचा दिवा लावला. त्या उजेडात मला बीबी दिसली. ती फुराहावर पालथी पडली होती, तिचे हात नातीच्या मानेवर होते. तिच्या केसांत काचा चमकत होत्या. कपाळावरून रक्ताचा ओघळ येत होता, तो तिने पुसला नव्हता.

ती कोपरावर उठली. दाराकडे, त्या उघड्या पडलेल्या राखाडी आभाळाकडे तिने बघितलं. तिच्या लोकांनीही तिच्याकडे बघितलं. ती 'चला' म्हणाली असती तर ते चालले असते.

बीबीने तोंड खाली केलं आणि नातीच्या कानाशी काहीतरी विचारलं. हळू, आणि सगळ्यांसमोर.

फुराहाने मान वर केली. बाहेर भोंगा अजून वाजत होता. ती ऐकत राहिली. मग तिने आजीच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते परत खाली दाबलं.

"बादो," ती म्हणाली. आणि मला कळावं म्हणून इंग्रजीत, "नॉट येट."

बीबीने कपाळ जमिनीला टेकवलं. मग एकामागून एक सगळ्यांनीच.